एकशे बारा सह्या, एकतीस माणसं

बापूजीने हे मायेपोटी केलं होतं, याबद्दल नंतरही कोणाला शंका आली नाही. सिंगारपार ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून त्याची सत्तावीस वर्षं झाली होती. ग्रामसभेच्या दिवशी हजेरीचं रजिस्टर काखेत मारून सकाळीच घरोघरी फिरायचं, हे त्याचं काम. ते त्याला कोणी नेमून दिलं नव्हतं आणि कोणी नको म्हटलं नव्हतं. या शुक्रवारी तर नत्थूजी कुंभलकरांच्या नातीची सरपंच म्हणून पहिली ग्रामसभा. पोरीची फजिती व्हायला नको म्हणून तो सहालाच निघाला. अकरा वाजता त्याने रजिस्टर सोनिकासमोर ठेवलं तेव्हा त्यात एकशे बारा सह्या आणि अंगठे होते.

सभागृहात माणसं एकतीस होती. सोनिकाने दोनदा मोजली.

"बापूजी, बाकीचे लोक कुठं आहेत?"

"बाकीचे?" बापूजीला प्रश्नच कळला नाही. "सही देल्ली ना त्यायनं. आता कायले येतीन?"

शेजारी बसलेल्या उन्मेषने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. तो ग्रामसेवक म्हणून इथे येऊन चारच महिने झाले होते. "मॅडम, आपल्या गावाला गणपूर्तीसाठी शंभर माणसं लागतात. कागदावर एकशे बारा आहेत. कागदावर सभा पूर्ण आहे."

"आणि कागद बंद केला तर?"

"तर तहकूब. पुढची सभा पुढच्या शुक्रवारी. तिला शंभराची अट नसते, पाच माणसांतही चालते."

पुढचा शुक्रवार सोनिकाच्या उपयोगाचा नव्हता. तलावाचं दार आज संध्याकाळी उघडायचं होतं. धान गर्भात होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, आणि एकदा पाणी सुटलं की ज्या क्रमाने सुटलं त्याच क्रमाने सगळा हंगाम जायचा. तो क्रम एकोणीसशे एकोणनव्वदपासून एकच होता: वरून खाली. तलावाच्या पाळीला, त्या मातीच्या बांधाला, लागून असलेल्या धानाच्या बांध्या आधी भिजायच्या, तलावातून निघणाऱ्या नहरेच्या टोकाच्या बांध्यांना बाराव्या दिवशी पाणी मिळायचं, आणि तोवर त्यांच्या लोंब्यांत निम्मे दाणे पोचट झालेले असायचे. पाळीला लागून सगळ्यांत पहिली नऊ एकर जमीन कुंभलकरांची होती. क्रम ठरवणारे सरपंचही कुंभलकरच होते, तिचे आबाजी, नत्थूजी.

आजच्या सभेपुढे विषय एकच होता. क्रम उलटा करायचा, खालून वर.

"सोनिका, इकडं पाह्य," चंपतराव पहिल्या रांगेतून उठून टेबलाशी आले. सत्तरीचे, नहरेच्या अगदी शेवटच्या बांधीचे मालक. त्यांनी आवाज खाली आणला, तरी तो सगळ्यांना ऐकू गेलाच. "एकतीस माणसं हायेत. त्यातले सव्वीस आमी खालचे. वरचे सारे घरी बसले, अन् सह्या देऊन बसले. कागद पुरा हाये. हात वर कर म्हण, पाच मिन्टात ठराव पास. उद्या बोलायले त्यायले तोंडच राहत नाही."

सोनिकाला हे आधीच दिसलं होतं. बीएस्सीला असताना तिला एक सवय लागली होती: उत्तर फार सहज आलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायचं. मागच्या महिन्यात तिने इतिवृत्ताची जुनी वही काढली होती. पान त्रेचाळीस. 'पाणी वरून खाली द्यावे. सर्वानुमते मंजूर.' खाली सात सह्या, सातही वरच्या बांध्यांच्या. आज सव्वीस हात वर झाले असते तर सातांच्या जागी सव्वीस झाले असते, एवढाच फरक. उद्या कोणी तीस माणसं जमवून तो पुन्हा फिरवला असता.

तिने उन्मेषकडून पट्टी घेतली आणि रजिस्टरच्या चारही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

"मॅडम!" उन्मेष अर्धा उठला.

"खाली लिहा, सरपंचांनी रद्द केल्या, कारण सही करणारे हजर नव्हते. वेळ लिहा, अकरा वाजून बारा मिनिटं. किती वेळ थांबता येतं?"

"अर्धा तास. ओढून ताणून पाऊण."

चंपतरावांनी टेबलावर हात टेकले. "पोरी, हातात आलेलं सोडून राहिली तू. मंग माह्या बांधीत पाणी नाही आलं, तं तूच जबाबदार."

"हो," सोनिका म्हणाली. "मीच."

बाहेर गाडीचं दार वाजलं. नागपूरच्या सक्करदऱ्याहून तिचा मोठा भाऊ सौरव आला होता.

*

सौरव कळमन्यात फळांच्या अडतीवर असायचा आणि आज सकाळी त्याला वडिलांचा, गिरिधरचा, फोन आला होता: तुह्या बहिणीले समजव, घरचंच पाणी तोडायले निघाली. वाटेतच त्याने चार वाक्यं तयार केली होती. पहिलं तोंडात यायच्या आत सोनिकाने विचारलं, "दादा, मतदार यादीत तुझं नाव सक्करदऱ्याला आहे ना?"

"हो, पण..."

"मग तुला सभेत बोलता येत नाही. घंटागाडी चालवता येते?"

पाच मिनिटांनी सौरव कचऱ्याच्या टेम्पोत बसलेला होता, पांढऱ्या शर्टात. हातात माईक होता, आणि बहिणीने कागदावर लिहून दिलेलं वाक्य होतं. पहिल्या चौकात त्याने ते वाचलं:

"ज्यांनी आज सकाळी घरी सही दिली, त्यांच्या सह्या रद्द झाल्या आहेत. सही चालू ठेवायची असेल त्यांनी स्वतः सभेला यावं."

त्याला वाटलं होतं, कोणी ढुंकून बघणार नाही. पण पहिल्याच गल्लीत तीन दारं उघडली.

"काय म्हणते गा हा? कोनाची सही रद्द झाली?"

"माही सही कोन खोडते? म्या का चोरी केली?"

"अरे सौरव, तू अडत सोडून कचरा उचलून राहिला का?"

पाण्यासाठी या म्हटलं असतं तर या वेळी माणसं आली नसती. वरच्यांना पाणी मिळणारच होतं आणि खालच्यांना मिळत नाही हे पाठ होतं. सही खोडली म्हटल्यावर मात्र लोक चपला शोधायला लागले. एका म्हाताऱ्याने कामठीला गेलेल्या मुलाला फोन लावून विचारलं, की आपली सही कोर्टात चालते ना. सौरव दुसऱ्यांदा वाचताना सावकाश वाचायला लागला, तिसऱ्यांदा त्याने 'रद्द' या शब्दावर जोर दिला. आपण कोणाच्या बाजूने आलो होतो, हे त्याच्या लक्षात आलं ते वेस ओलांडल्यावर.

घरासमोर त्याने गाडी थांबवली. ओट्यावर नत्थूजी बसले होते. वय ब्याऐंशी, तीन वेळा सरपंच, पाठ अजून ताठ. शेजारी गिरिधर बशीतला चहा फुंकत होता.

"ये, समजवणाऱ्या," गिरिधर म्हणाला. "गाडी तं मस्त भेटली तुले."

"पप्पा, तिनं सह्या खोडल्या."

"कोनाच्या?"

"साऱ्याच्या. आबाजीच्याही."

नत्थूजींनी मान वर केली. "माही?"

"हो."

"माही सही?" ते उभे राहिले. "या सहीवर गावात दवाखाना आला. या सहीवर शाळेले दोन खोल्या झाल्या. कलेक्टरनं कधी खोडली नाही बे, अन् हे सोनी..." खोकला आला, तो त्यांनी थांबवला नाही, संपू दिला. मग विचारलं, "किती माणसं होती सभेत, तिनं खोडली तवा?"

"एकतीस. सव्वीस खालचे."

नत्थूजींची बोटं हलायला लागली. सौरवला वाटलं, ते चिडले. पण ते मोजत होते. सव्वीस विरुद्ध पाच.

"म्हणजे तिचा ठराव तेव्हाच पास होत होता," ते म्हणाले.

"होत होता."

"अन् तिनं गाडी पाठोली. आपल्याले बोलवायले." त्यांनी गिरिधरकडे पाहिलं. "टोपी दे माही."

"बाबा, कायले जाता? नाही गेलो आपण तं शंभर होत नाहीत. सभा तहकूब. संध्याकाळी दार उघडतो, पाणी आपल्या बांधीत. काम खतम."

"तहकूब कशी करतेत ते मले नको शिकवू," नत्थूजी म्हणाले. "ते म्याच शिकवलं या गावाले. टोपी दे."

ते घंटागाडीत पुढच्या सीटवर बसले. गिरिधर चपला घालून मागून पायी निघाला, कारण मागे कचरा होता.

*

सोनिकाची आई कुसुमताई अकराच्या आधीपासून बायकांच्या सतरंजीवर बसल्या होत्या. नवऱ्याला त्यांनी निंदायला जाते असं सांगितलं होतं. आता गिरिधर दारातून आत आला, त्यांना बघून थबकला आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन बसला. खिडक्यांतही माणसं उभी होती. उन्मेषने नव्या पानावर एकेकाची सही समोर उभं करून घेतली. अकरा एकोणपन्नासला शंभरावी झाली, आणि लोक येतच राहिले. शेवटी आकडा एकशे अठ्ठावीसवर थांबला. सौरव भिंतीला टेकून उभा होता. त्याला बापूजीने दोनदा बजावलं होतं, की हात वर करू नको, मोजणीत घोळ होईल.

सासरे बोलायला उठले तेव्हा कुसुमताईंनी पदर नीट केला. सवय.

"अध्यक्ष महोदया," नत्थूजी म्हणाले.

सभागृहात कोणीतरी हसलं. सोनिका हसली नाही. "बोला, नत्थूजी कुंभलकर. दोन मिनिटं."

"दोन मिन्टात तं माहा खोकलाही होत नाही."

"पाच घ्या. खोकला धरून."

आता सगळेच हसले, नत्थूजीसुद्धा. मग त्यांनी दोन्ही हात काठीवर ठेवले.

"मी विरोधात बोलून राहिलो. ऐका. एकोणनव्वद साली नहर मातीची होती. त्या वर्षी आमी खालून सुरुवात करून पाह्यली होती. आज कोनाले आठवते? तीन दिवस दार उघडं होतं. चंपतच्या बांधीत बादलीभर पाणी नाही पोचलं, सारं नहरनंच पिऊन टाकलं. वरचंही गेलं अन् खालचंही गेलं. दोघायची डोकी फुटली. म्हणून म्या वरून क्रम लावला. कोनाचं तरी धान वाचू दे म्हणून. माह्या नऊ एकरासाठी नाही लावला. लोक म्हणतेत, म्हणू द्या. मी चोर नव्हतो."

हे कुसुमताईंनी पंचवीस वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं. घरी हा विषय निघाला की सासरे उठून जायचे.

चंपतराव उठले. "चोर कोनं म्हटलं, नत्थूजी? मातीच्या नहरेत तुमी बरोबरच होते. मी या सभेत सांगतो, बरोबर होते. पन नहर सिमिटची झाली त्याले सहा वर्षं झाली. मंग काहून नाही बदललं?"

"मले कोनी इचारलं नाही."

"इचारायले सभा कुठं होत होती गा? बापूजी येत होता, सही घेऊन जात होता."

बापूजी दारात रजिस्टर छातीशी धरून उभा होता. त्याच्याकडे कोणी रागाने पाहिलं नाही, पण त्याने रजिस्टर खाली ठेवलं.

"सिमिट असो का सोनं असो," वरच्या बांध्यांतला एकजण म्हणाला, "टोकापर्यंत पाणी जाईन तवा खरं. दोन दिवस तं नहर भरायलेच लागतेत."

"दोन तास दहा मिनिटं," सोनिका म्हणाली. "मोजलं आहे. वरच्या बांध्यांची तोंडं बंद असताना, मागच्या ऑक्टोबरात. पाळीपासून टोकापर्यंत एकवीसशे मीटर. पाण्यात निंबू सोडलं आणि वेळ लावली. तीन वेळा."

"निंबू?" नत्थूजींनी कानामागे हात नेला. "गावाचं पाणी तू निंबावर ठरवते?"

हशा मोठा होता. "अन् टोकाशी कोन उभं होतं ते निंबू पकडायले?" गिरिधरने मागून विचारलं. तो मुलीशी सकाळपासून बोललेला पहिला शब्द होता. "पाण्यात भूत होतं का?"

सोनिकाने समोरचे कागद सरळ केले. कुसुमताईंनी बघितलं, पोरगी आईचं नाव घेणार नव्हती. त्या उठल्या. एकशे अठ्ठावीस माणसांत त्या पहिल्यांदाच उभ्या राहत होत्या, आणि गुडघ्याचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला.

"मी होती," त्या म्हणाल्या. "तिन्ही निंबं म्याच पकडली. मामाजी, पाणी बरोबर पोचते. पाण्याच्या पहिले मी तिथं पोचली अन् चंपतरावाची बांधी पाह्यली. लोंबी हातात घेतली तं फुस्स. मी कापणीले वरच्या बांधीत जात होती साऱ्या जन्माची. खालची लोंबी कधी हातात घेतली नव्हती."

"काय वं," गिरिधर म्हणाला, "तू तं आज म्हणे निंदायले चालली होती."

"निंदूनही आली होती. ते तुमी पाह्यलं नाही."

बायकांची सतरंजी जोरात हसली.

मतदान हात वर करून झालं. सोनिका अध्यक्ष असल्यामुळे तिला मत नव्हतं, फक्त समसमान झालं तरच. उन्मेषने रांगांमधून फिरून मोजलं, मग उलट्या बाजूने पुन्हा मोजलं. ठरावाच्या बाजूने चौऱ्याहत्तर. कुसुमताईंचा हात त्यात होता. विरोधात हात मागितले तेव्हा नत्थूजींनी आपला हात वर केला आणि वळून मागे पाहिलं. गिरिधरचा हात वर होता. वरच्या बांध्यांचे सगळे होते. खालच्यांपैकीही दोघे होते, ज्यांना निंबावर भरवसा नव्हता. नत्थूजी ते हात बघत राहिले. उन्मेषचं मोजून झालं, तरी त्यांनी स्वतः एकदा मोजले, ओठ हलवत.

"सत्तेचाळीस," उन्मेष म्हणाला. "सहा तटस्थ. ठराव बहुमताने मंजूर."

"माहं नाव लिहा," नत्थूजी म्हणाले.

"काका, हात वर केल्यावर नावं लिहायची गरज नसते. आकडा पुरतो."

"आकडा लिहाच. पन विरोधात पहिलं नाव माहं लिहा. तीन खेपा सरपंच होतो, माह्या प्रत्येक ठरावाखाली सर्वानुमते लिहिलं आहे. माह्या संग कोन होतं अन् कोन नव्हतं, मले कधी कळलंच नाही." त्यांनी पुन्हा मागे पाहिलं. "सत्तेचाळीस माणसं, भर उन्हात येऊन, हात वर करून. लिहा."

उन्मेषने सोनिकाकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "विरोधात सत्तेचाळीस. नत्थूजी कुंभलकर, माजी सरपंच, यांनी ठरावाविरुद्ध भाषण केलं. काय बोलले तेही सगळं लिहा. एकोणनव्वदचं पण."

*

साडेपाचला दार उघडलं. गिरिधर आपल्या पहिल्या बांधीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होता. हे तोंड पाणी सुटायच्या पहिल्या दिवशी त्याने आजवर फक्त उघडलं होतं. बंद करायला माती कुठून घ्यायची, हेही त्याला क्षणभर सुचलं नाही.

तलावाच्या पाळीवर नत्थूजी फोनवर होते. हा चौथा फोन होता. आधीचे तीन नागपूरला झाले होते.

"हारलो, जावईबापू!" उमरेडपर्यंत फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत होते. "अरे कोनाकडून म्हणजे? माह्या सोनीकडून! एकशे अठ्ठावीस माणसं होती सभेत. बसायले जागा नाही. मले पाच मिन्टं देल्ली, मोजून. कोर्टावानी."

सोनिका नहरेच्या काठाने चालत आली आणि वडिलांपासून दोन हातांवर थांबली. तिच्या चपलांना चिखल लागला होता. गिरिधरने तिच्याकडे बघितलं नाही. तो धानाकडे बघत होता. पानांची टोकं पिवळी पडायला लागली होती, त्यांच्याही बांधीत.

"आपली पाळी कवा?"

"बाराव्या दिवशी, पप्पा."

"बारा दिवसांत काय होईल, मोजलं का?"

"नाही. आपली जमीन कधी थांबलेलीच नाही ना. मोजायला काही नव्हतं." ती थांबली. "पाझर आहे तलावाच्या पाळीचा, ओल राहील असं वाटतं. पण ते वाटणं आहे, मोजलेलं नाही. मी रोज येऊन पाहीन."

गिरिधरला खोटं उत्तर मिळालं असतं तर त्याला भांडता आलं असतं. वरून पाण्याचा आवाज जवळ येत होता, पुढे वाळकी पानं आणि फेस ढकलत.

"गिरिधर!" नत्थूजींनी फोन कानापासून दूर धरला. "पाणी आलं. ठराव झाला हाये. माती टाक."

"तुमी तं विरोधात होते ना?"

"होतो ना. सभेत होतो. टाक." आणि पुन्हा फोनमध्ये: "हो, ऐकून राहिलो ना. काय म्हणत होतो मी? हां, सत्तेचाळीस. ग्रामसेवकानं दोनदा मोजले, अन् तिसऱ्यांदा म्या."

गिरिधरने पहिलं ढेकूळ टाकलं, मग दुसरं. सोनिकाने खाली बसून हातांनी फट बुजवली. पाणी त्यांच्या बांधीच्या तोंडाशी आलं, मातीला लागून जरासं फुगलं, आणि चंपतरावांच्या दिशेने पुढे गेलं.